छोट्या शिडाच्या नौकेसाठी नांगरदिवा कसा निवडावा

नांगर टाकून रात्री पाण्यावर थांबलेल्या नौकेने सर्व बाजूंनी दिसेल असा एक पांढरा दिवा लावायचा असतो. हा नांगरदिवा, म्हणजे दुकानदारांचा ‘अँकर लाइट’, दिसायला किरकोळ वस्तू आहे आणि नौकेच्या एकूण खर्चात त्याचा वाटा नगण्य असतो. त्यामुळे तो सहसा सगळ्यात शेवटी, उरलेल्या पैशांत आणि फारसा विचार न करता घेतला जातो. नागपूरकरांना ही चालढकल परवडत नाही. नौका ट्रेलरवर चढवून समृद्धी महामार्गाचे ७०१ किलोमीटर आणि त्यापुढचा कोकणचा रस्ता कापल्यावर, खाडीत नांगर टाकून झाल्यावर, दिवा मध्यरात्रीच मंदावतो असे लक्षात आले, तर तेथे करण्यासारखे फार थोडे उरते. सीताबर्डीत विजेचे आणि इलेक्ट्रॉनिक्सचे बहुतेक सामान मिळते, पण नौकेचा दिवा काउंटरवर पेटवून दाखवणारा दुकानदार शहरात सहसा भेटत नाही. दिवा ऑनलाइनच मागवावा लागतो आणि छायाचित्रांत सगळे दिवे सारखेच देखणे दिसतात. म्हणून काय मागवायचे हे आधी कागदावर ठरवणे आणि आलेली वस्तू निघण्यापूर्वी घरीच तपासणे, ही दोन्ही कामे आपल्यालाच करावी लागतात.

पुढील विवेचन साधारण ५ ते ८ मीटर लांबीच्या, डोलकाठी उतरवून ट्रेलरवर नेता येणाऱ्या नौकेपुरते आहे.

नियम काय मागतो

समुद्रावरील टकरी टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम १९७२ साली ठरले आणि १५ जुलै १९७७ पासून अमलात आले. त्यांतील ३० वा नियम नांगरावरील नौकांसाठी आहे. मोठ्या जहाजाने पुढच्या भागात एक आणि मागच्या टोकाजवळ, पहिल्यापेक्षा खालच्या पातळीवर, दुसरा असे दोन पांढरे दिवे लावायचे असतात. ५० मीटरपेक्षा कमी लांबीच्या नौकेला एकच दिवा पुरतो, आणि तो जेथून सर्वांत चांगला दिसेल तेथे असावा एवढीच अट आहे. तो डोलकाठीच्या टोकावर असावा असे नियमात कोठेही म्हटलेले नाही. २२ व्या नियमानुसार आपल्या आकाराच्या नौकेचा दिवा किमान २ सागरी मैलांवरून, म्हणजे सुमारे ३.७ किलोमीटरवरून, दिसला पाहिजे. सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत तो पेटता असावा, आणि धुक्यामुळे किंवा पावसाच्या झडीमुळे दिसेनासे झाले तर दिवसाही. एरवी दिवसा त्याच्या जागी पुढच्या भागात एक काळा गोळा टांगायचा असतो. त्याचा व्यास नियमाप्रमाणे ०.६ मीटर असला, तरी २० मीटरपेक्षा लहान नौकेला तिच्या आकाराला साजेसा लहान गोळा चालतो.

७ मीटरपेक्षा लहान नौकेला एक सूट आहे आणि तिचा अर्थ पुष्कळदा सोयीने लावला जातो. अशा नौकेला नांगरावर असताना दिवा लावण्याची सक्ती नाही, परंतु ती अरुंद जलमार्गात, जहाजांच्या ये-जा करण्याच्या वाटेवर, नांगर टाकण्याच्या नेहमीच्या जागी किंवा इतर नौका एरवी जेथून जातात अशा ठिकाणी अथवा त्यांच्याजवळ नसेल तरच. कोकणातली जी खाडी वाऱ्यापासून आडोसा देते, तीच मासेमारीच्या होड्यांचीही वाट असते. त्यामुळे आपल्याला ही सूट प्रत्यक्षात लागू पडेल अशी जागा शोधूनच काढावी लागेल. नौका साडेपाच मीटरची असली तरी दिवा घ्यावा, हे माझे मत.

राहिला प्रश्न आपल्याकडच्या पाण्याचा. हे आंतरराष्ट्रीय नियम खुल्या समुद्राला आणि समुद्रगामी नौका जेथे येऊ शकतात अशा, समुद्राशी जोडलेल्या पाण्याला लागू होतात. अंबाझरी, रामटेकजवळची खिंडसी किंवा वैनगंगेवरचा गोसीखुर्दचा जलाशय त्यांत बसत नाही. तेथे रात्री पाण्यावर थांबता येईल की नाही, हे त्या त्या जलाशयाच्या परवानगीवर अवलंबून आहे आणि ती आधी घ्यावी. परवानगी मिळाली, तर दिवा मात्र समुद्रावर लावतो तोच आणि तसाच लावावा. एका नौकेसाठी दोन सवयी ठेवण्यात काही लाभ नाही.

उंची: डोलकाठीच्या टोकावर की खाली?

बाजारातले बहुतेक नांगरदिवे डोलकाठीच्या टोकावर बसवण्यासाठी बनवलेले असतात. उंच दिवा दुरून दिसतो, हा त्यामागचा साधा विचार आहे आणि मोठ्या नौकांसाठी तो बरोबरही आहे. छोट्या नौकेबाबत आधी एक प्रश्न विचारला पाहिजे: आपल्याला धडकण्याची शक्यता कोणाची? आपण दीड-दोन मीटर पाण्यात नांगर टाकतो. तेथे मालवाहू जहाज येत नाही. येते ती पहाटे निघालेली मच्छीमारांची होडी, किनाऱ्यावरून उशिरा आपल्या नौकेकडे परतणारी एखादी डिंगी, आणि गोसीखुर्दसारख्या ठिकाणी जाळी उचलायला निघालेला ढिवरांचा डोंगा. या सगळ्यांत बसलेल्या माणसाचा डोळा पाण्यापासून जेमतेम एक मीटर उंचीवर असतो, आणि त्याची नजर समोरच्या पाण्यावर असते, आकाशात नव्हे.

आता थोडे गणित करावे लागेल, पण ते सोपे आहे. विजेच्या नांगरदिव्याने आपला किमान उजेड क्षितिजाच्या ५ अंश वर ते ५ अंश खाली एवढ्या पट्ट्यात पूर्ण द्यावा आणि साडेसात अंशांपर्यंत त्याच्या किमान ६० टक्के द्यावा, अशी नियमांच्या पहिल्या परिशिष्टाची अपेक्षा आहे. त्यापलीकडे काही नाही. चांगला उत्पादक वीज वाचवण्यासाठी उजेड नेमका याच पट्ट्यात गोळा करतो. दिवा पाण्यापासून ९ मीटर उंचीवर असेल आणि पाहणाऱ्याचा डोळा १ मीटरवर, तर उभे अंतर ८ मीटर होते, आणि पाहणारा सुमारे ६० मीटरच्या आत आला की तो साडेसात अंशांच्या पट्ट्याखाली जातो. म्हणजे जेव्हा त्याला आपण सर्वांत स्पष्ट दिसायला हवे, तेव्हाच दिवा त्याच्या डोक्यावरून निघून जातो. तोच दिवा अडीच मीटर उंचीवर टांगला, तर हे अंतर ११ ते १२ मीटरवर येते. डोंग्यात बसलेल्या माणसाला नौका चुकवायला ६० आणि १२ मीटरमधला हा फरकच कामी येतो.

खाली टांगलेला दिवा दुरून दिसणार नाही, ही शंका येणे स्वाभाविक आहे. पृथ्वीच्या गोलाईमुळे अडीच मीटरवरचा दिवा आणि एक मीटरवरचा डोळा यांच्यात साधारण ५ सागरी मैलांपर्यंत सरळ नजर पोहोचते. आपल्याला हवे आहेत २ मैल. तेव्हा दोन मैलांसाठी डोलकाठीच्या टोकाची गरज नाही, गरज आहे ती दिव्याच्या पुरेशा ताकदीची.

खालच्या दिव्याचा खरा दोष वेगळा आहे. किनाऱ्यावर वस्ती असेल तर तो घरांच्या, रस्त्याच्या आणि जेट्टीच्या दिव्यांच्या रांगेत मिसळून जाऊ शकतो. टोकावरचा दिवा या रांगेच्या वर राहतो, पण मग तो कशाचा आहे आणि किती दूर आहे हे कळत नाही. काळ्या पाण्यावरचा एकटा पांढरा ठिपका जवळचा की लांबचा, याचा अंदाज डोळ्याला येत नाही. खालचा दिवा स्वतःच्या नौकेवरही उजेड टाकतो. गुंडाळलेले शीड, डोलकाठीचा खालचा भाग आणि पुढचा पांढरा डेक उजळून निघाला की पाहणाऱ्याला ठिपक्याऐवजी नौकेचा आकार दिसतो. डेक उजळण्यासाठी कामाचे दिवेही लावता येतात, असे ३० वा नियमच सांगतो. वस्तीजवळ थांबायचे असेल तेव्हा या मुभेचा उपयोग करून घ्यावा.

खालचा दिवा कोठे टांगायचा? डोलकाठी आणि पुढची ताणाची तार यांच्यामधल्या मोकळ्या जागेत, पुढचे शीड चढवायच्या दोरीला बांधून तो वर खेचावा आणि खालून दुसऱ्या दोरीने डेकला ताणून ठेवावा. नुसता लोंबता ठेवला तर लाटांवर तो डोलकाठीवर आपटतो आणि त्याचा उजेड वरखाली हेलकावतो. डोलकाठीपासून किमान एक मीटर अंतर राखावे. १० सेंटिमीटर जाडीची डोलकाठी एक मीटरवर असेल तर ती सहा अंशांपेक्षा थोडा कमी भाग झाकते. अर्ध्या मीटरवर आली तर सावली जवळजवळ दुप्पट होते. सहा अंश ही सर्व बाजूंनी दिसणाऱ्या दिव्यांसाठी ठरवलेली मर्यादा आहे. नांगरदिव्याला या बाबतीत थोडी सवलत आहे, कारण त्यासाठी तो अव्यवहार्य उंचीवर नेण्याची अपेक्षा नियम करत नाही. पण एक मीटर अंतर सहज मिळते, तर सवलतीकडे जाण्याचे कारण नाही.

ट्रेलरवरच्या नौकेसाठी खालच्या दिव्याच्या बाजूने आणखी एक कारण आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत वजनदार आहे. आपली डोलकाठी प्रत्येक वेळी उतरते आणि चढते. टोकावर दिवा असेल तर त्याची तार डोलकाठीच्या पायथ्याशी जोडावी-सोडावी लागते, ती वाकते, चिमटते, तिच्या जोडात खारे पाणी जाते. आणि टोकावरचा दिवा स्वतः, डोलकाठी आडवी असताना, ट्रेलरच्या मागे बाहेर आलेला असतो. एखाद्या ढाब्यावर गाडी वळवताना त्याचे काय होते हे सांगायला नको. टांगायचा दिवा डब्यात कपड्यांत गुंडाळून नेता येतो.

टोकावर दिवा आधीच बसवलेली नौका विकत घेतली असेल, तर तो काढून टाकण्याची गरज नाही. मोठ्या, मोकळ्या नांगरजागी, आसपास मोठ्या नौका असताना तोच वापरावा. मात्र तो पेटवला असताना त्याच्या सरळ खाली दुसरा तितकाच प्रखर पांढरा दिवा टांगू नये. एकाखाली एक असे दिवे समुद्रावर वेगळ्याच अर्थांसाठी राखून ठेवले आहेत, आणि दोन पांढरे उभे दिवे पाहून ओढनौकेचा भास होऊ शकतो. जोडीला दिवा हवाच असेल तर तो मागच्या टोकाला, खालच्या पातळीवर असावा. मोठ्या जहाजांसाठी नियमाने सांगितलेली मांडणी तशीच आहे.

उजेड: वॉट आणि ल्युमेन बाजूला ठेवावेत

जाहिरातीत दिव्याचे वॉट किंवा ल्युमेन (सगळ्या दिशांना मिळून बाहेर पडणारा उजेड) दिलेले असतात. नांगरदिव्यासाठी पाहायचा आकडा कँडेलाचा आहे, म्हणजे एका विशिष्ट दिशेला उजेड किती तीव्रतेने जातो त्याचा. नियमांच्या परिशिष्टाप्रमाणे २ सागरी मैलांसाठी किमान ४.३ कँडेला लागतात, ३ मैलांसाठी १२. मैल दीडपट झाले की कँडेला जवळजवळ तिप्पट होतात, कारण अंतराबरोबर उजेड पसरतो आणि हवाही त्यातला काही भाग खाऊन टाकते.

चार-पाच कँडेला हा आकडा लहान वाटतो, पण तो चहूबाजूंनी सारखा मिळाला पाहिजे. भिंग नसलेला, सगळीकडे सारखा उजेड फेकणारा दिवा असेल तर ४.३ कँडेलासाठी सुमारे ५४ ल्युमेन खर्ची पडतात, कारण त्यातला बराचसा उजेड आकाशात आणि डेकवर जातो. तोच उजेड भिंगाने क्षितिजाच्या साडेसात अंश वर-खाली एवढ्या पट्ट्यात गोळा केला, तर हिशेबाने सात ल्युमेनच्या आसपास पुरतात. प्रत्यक्षातली गळती धरून त्याहून थोडे जास्त. दिव्याची किंमत आपण मुख्यतः या भिंगासाठी मोजतो. बागेत खुपसायचे सौरदिवे नांगरदिवा म्हणून कमी पडतात ते येथेच: त्यांचा आधीच थोडका उजेड खाली जमिनीकडे वळवलेला असतो आणि बॅटरी इतकी लहान असते की ढगाळ दिवसानंतर ते पहाटेपर्यंत टिकत नाहीत. डेक उजळायला मात्र ते उत्तम आहेत. दोन-तीन दिवे मागच्या कठड्याला बांधून ठेवावेत.

मागवताना दिव्याच्या अंगावरच ‘२ एनएम’ (२ सागरी मैल) अशी दृश्यतेची नोंद आणि कोणत्या तरी सागरी मान्यतेची खूण आहे का, ते पाहावे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाच्या मान्यतेचा उल्लेख किंवा युरोपीय मान्यतेची सुकाणूच्या चाकासारखी खूण पुष्कळ चांगल्या दिव्यांवर असते. नुसते ‘मरीन ग्रेड’ या शब्दांना काही अर्थ नाही. जुन्या दिव्यातला तापतारेचा बल्ब काढून तेथे एलईडी बल्ब बसवण्याचा मोह होतो. तो टाळलेला बरा. जुने भिंग एका बारीक तापतारेच्या नेमक्या जागेसाठी घडवलेले असते. एलईडीचे तुकडे त्या जागी नसतात, त्यामुळे उजेड वर किंवा खाली सरकतो आणि दिव्याची मूळ मान्यता त्याला लागू राहत नाही.

फार प्रखर दिवाही नको. स्वतःच्याच नौकेत बसून आपले डोळे दिपतात, रात्री नांगर सरकतो आहे का हे पाहायला किनाऱ्याकडे नजर टाकली तर काही दिसत नाही. परिशिष्टातही दिव्याची कमाल तीव्रता मर्यादित असावी असे म्हटले आहे, ते याच त्रासामुळे. लुकलुकणारा दिवा तर पूर्णपणे वर्ज्य. लुकलुकणारे दिवे जलमार्गाच्या खुणांसाठी असतात. कंदिलाला नियमाची बंदी नाही आणि पितळी कंदील दिसतोही छान, पण वाऱ्यावर काजळी धरलेल्या काचेतून किती उजेड बाहेर पडतो आहे, याचा भरवसा नौकेच्या आत झोपलेल्या माणसाला देता येत नाही.

वीज किती लागेल

नागपूरच्या अक्षांशावर डिसेंबरातली रात्र साधारण १३ तासांची असते आणि कोकणातही फार वेगळी नसते. छोट्या नौकेवर बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद शिसे-आम्ल बॅटरी असते, यूपीएसमध्ये बसते तीच. ती शहरात कोठेही मिळते. तिला दीर्घायुष्य हवे असेल तर निम्म्याहून जास्त रिकामी करू नये, म्हणजे हाताशी साडेतीन अँपिअर-तास राहतात. १० वॉटचा तापतारेचा बल्ब १३ तासांत जवळजवळ ११ अँपिअर-तास मागतो. तो सकाळ पाहणारच नाही. २ वॉटचा एलईडी दिवा सव्वादोनच्या आत भागवतो आणि मोबाइलसाठीही थोडे उरते. निवड येथेच संपते.

एलईडी घेताना तो १० ते ३० व्होल्ट अशा पट्ट्यात सारखाच उजेड देतो का, हे पाहावे. आतला विद्युतप्रवाह स्थिर ठेवणारे मंडल असेल तर बॅटरी उतरत गेली तरी दिवा पहाटेपर्यंत तसाच राहतो. तापतारेच्या बल्बचे तसे नसते. व्होल्टेज पाच टक्के घटले तर त्याचा उजेड सुमारे सहाव्या हिश्श्याने कमी होतो. ज्यांचा दिवा जुना आहे त्यांनी जाड तार वापरण्याचे कारण हेच. एलईडीला दीड चौरस मिलिमीटरची तार पुरून उरते, पण ती कथिलाचा मुलामा दिलेल्या तांब्याची असावी. साध्या तांब्याच्या तारेत खारी ओल धाग्याधाग्यांतून वर चढते आणि वरून धडधाकट दिसणारी तार आतून हिरवी पडते. जोड पिळून त्यावर टेप गुंडाळू नये; दाबून बसवायचे जोड आणि गरम केल्यावर आवळणारी, आतून गोंद असलेली नळी वापरावी. बॅटरीच्या धन टोकाजवळ २ अँपिअरचा फ्यूज हवा.

याच मंडलाचा एक दोष सहसा जाहिरातीत येत नाही. त्याच्या आतली झपाट्याने चालू-बंद होणारी क्रिया रेडिओ लहरी बाहेर टाकते, आणि दिवा व्हीएचएफ रेडिओच्या, म्हणजे नौकेवरच्या संदेशांच्या रेडिओच्या, अँटेनाजवळ असेल तर ऐकू येणारे संदेश बुडतात. अमेरिकेच्या तटरक्षक दलाने ऑगस्ट २०१८ मध्ये याबाबत सावधगिरीची सूचना काढली होती. तपासणी सोपी आहे: रेडिओवर रिकामी वाहिनी लावून खरखर दाबणारे बटण अगदी कडेपर्यंत, खरखर नुकतीच थांबेल इतके आणावे आणि मग दिवा पेटवावा. खरखर पुन्हा सुरू झाली तर दिवा परत पाठवावा. अँटेना टोकावर आणि दिवा खाली असेल तर हा त्रास पुष्कळ कमी होतो.

अंधार पडताच आपोआप लागणाऱ्या दिव्याविषयी थोडे. किनाऱ्यावर जेवायला गेलो आणि उशीर झाला, तर तो कामाचा आहे यात शंका नाही. परंतु शिडावर चालत असताना तो स्वतःहून पेटला, तर आपण नांगरावर आहोत असे पाहणारा समजेल. हाताने पूर्ण बंद करता येणारे बटण नसेल तर असा दिवा घेऊ नये.

गच्चीवरची तपासणी

दिवा हातात आला की कोकणात जाण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याच्यासाठी राखून ठेवावी. गच्चीच्या मधोमध बांबू उभा करून त्यावर दिवा छातीच्या उंचीला, प्रत्यक्षात टांगणार त्याच पद्धतीने बांधावा. त्याच्याभोवती एक मीटर त्रिज्येचे वर्तुळ खडूने काढून त्यावर आठ खुणा कराव्यात. ०.१ लक्सपर्यंत वाचणारा लक्स मीटर, म्हणजे एखाद्या जागी पडणारा उजेड मोजणारे यंत्र, एखाद्या छायाचित्रकाराकडून उसना घ्यावा. मोबाइलमधले ॲप तुलनेला चालते, आकड्यांसाठी नाही. आधी दिवा बंद ठेवून शेजारच्या दिव्यांचा आणि रस्त्याचा उजेड मोजावा, मग दिवा लावून तो आकडा वजा करावा. एक मीटर अंतरावर लक्स आणि कँडेला यांचा आकडा एकच येतो, म्हणून मीटर दिव्याकडे रोखून आठही खुणांवर किमान ४.३ मिळाला पाहिजे.

मीटर वर्तुळावरून हळूहळू फिरवत नेला की काही ठिकाणी आकडा खाली कोसळतो. स्वस्त दिव्यांत भिंगाचे दोन अर्धे जेथे जोडलेले असतात, किंवा आतून तार वर गेलेली असते, तेथे हे घडते. साडेसहा, साडेसहा, सहा असे आकडे येत असताना एकदम अडीच दिसला तर ती दिशा खडूने ठळक करावी आणि दिवा बांबूभोवती थोडा फिरवून पुन्हा पाहावे. खळगा दिव्याबरोबर फिरला तर दोष दिव्याचा, जागेवरच राहिला तर आपल्या बांधण्याचा. त्यानंतर प्रत्येक खुणेवर मीटर दिव्याच्या पातळीपासून ९ सेंटिमीटर वर आणि ९ सेंटिमीटर खाली न्यावा. हे पाच अंश झाले आणि येथेही पूर्ण ४.३ हवेत. १३ सेंटिमीटर म्हणजे साडेसात अंश, तेथे २.६ पुरे. नवा दिवा नेमका ४.३ वरच अडकला असेल तर मी तो ठेवून घेणार नाही, कारण भिंगावर मिठाचा थर बसायला एक दिवसही लागत नाही.

मग दिवा तासभर पेटता ठेवून चांगला गरम झाला की त्यावर नळीने गार पाणी मारावे. गरम दिव्यातली हवा गार पाण्याने आकसते आणि सील कच्चे असेल तर पाणी आत ओढून घेते. जूनच्या पहिल्या सरीत होते ते हेच. सकाळी भिंगाच्या आत दव दिसले तर खोक्यावर ‘आयपी ६७’ लिहिलेले असले तरी उपयोग नाही. त्या खुणेचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरणे असा आहे, आणि ‘आयपी ४४’ म्हणजे फक्त शिंतोड्यांपासून बचाव. ‘आयपी ६५’ च्या खालचा दिवा मागवूच नये. शेवटी, पूर्ण भरलेल्या बॅटरीवर दिवा सूर्यास्तापासून सूर्योदयापर्यंत जळू द्यावा आणि सकाळी दिवा बंद करून तास-दोन तासांनी बॅटरीचे व्होल्टेज पाहावे. ते १२.१ च्या खाली गेले असेल तर बॅटरी थकली आहे, किंवा दिवा खोक्यावर लिहिल्यापेक्षा जास्त वीज खातो आहे.

आतच लिथियम बॅटरी असलेले, चार्जिंगचे दिवेही मिळतात, आणि तारेची कटकट नसल्याने ते छोट्या नौकेला सोयीचे वाटतात. दुसरा, राखीव दिवा म्हणून एक जरूर असावा. पण नागपूरच्या उन्हाळ्यात तो कोठे ठेवतो याला महत्त्व आहे. बहुतेक लिथियम-आयन बॅटऱ्या ४५ अंश सेल्सिअसच्या वर चार्ज करू नयेत अशी उत्पादकांची सूचना असते, आणि मे महिन्यात बंद गाडीतले किंवा ताडपत्रीखालच्या नौकेतले तापमान सहज त्यापलीकडे जाते. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्यही उष्णतेने झपाट्याने घटते. तेव्हा मार्चच्या अखेरीस दोन्ही दिवे आणि बॅटरी नौकेतून काढून घरात, भिंतीच्या आतल्या कपाटात ठेवाव्यात, भिंगाला ऊन लागू देऊ नये म्हणजे ते पिवळे पडत नाही, आणि महिन्यातून एकदा भल्या पहाटे, हवा गार असताना, चार्ज करून घ्याव्यात.